मंडळीचा फुटबॉल संघ कसा उभा करावा: कोल्हापुरातल्या एका पाळकाचे अनुभवाचे बोल

चेंडू विकत आणण्याआधी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीत बसा आणि एका प्रश्नाचं उत्तर ठरवा: हा संघ कशासाठी? बैठकीत बहुतेक वेळा दोन उत्तरं येतात. एक, "त्या निमित्तानं पोरं रविवारच्या भक्तीला येतील." दुसरं, "आपल्या मंडळीचं नाव होईल, कप येईल." दोन्ही उत्तरं मनापासून दिलेली असतात. तरी माझं स्पष्ट मत आहे की यातल्या कुठल्याही एकावर उभा केलेला संघ टिकत नाही. भक्तीला यावं म्हणून खेळ दिला, तर खेळ सुटला की भक्तीही सुटते. कपासाठी संघ काढला, तर ज्याच्या पायात चेंडू ठरत नाही ते पोरगं पहिल्या महिन्यातच घरी बसतं. आणि आपल्याकडे नेमकं तेच पोरगं सोपवलेलं असतं.

मुलाला खेळायला देणं हीच सेवा आहे, तिला दुसऱ्या हेतूची जोड लागत नाही. बायबलमधल्या जखऱ्या संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायात यरुशलेमेच्या पुढच्या दिवसांचं वर्णन आहे. म्हातारे आणि म्हाताऱ्या हातात काठी घेऊन चौकात बसलेल्या आहेत आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून गेलेत. तेव्हा मंदिराचं बांधकामसुद्धा पुरं झालेलं नव्हतं, लोक नुकतेच बंदिवासातून परतले होते. अशा काळात देवाचं राज्य कसं असेल हे सांगताना संदेष्ट्यानं खेळणारी मुलं दाखवली. "चर्चचा आणि फुटबॉलचा काय संबंध?" असं कमिटीत कुणी विचारलं, तर मी हा उतारा वाचून दाखवतो आणि मग चर्चा सुरू करतो.

आपल्या आधी हे कुणी केलंय

आपण काही नवीन करत नाही आहोत, हे कमिटीला सांगितलं की अर्धा विरोध मावळतो. लिव्हरपूलच्या सेंट डोमिंगो या मेथडिस्ट मंडळीतल्या मुलांनी १८७८ मध्ये संघ काढला, तोच पुढच्या वर्षी एव्हर्टन क्लब झाला. ग्लासगोत ब्रदर वॉलफ्रिड या मारिस्ट धर्मबंधूंनी नोव्हेंबर १८८७ मध्ये चर्चच्या सभागृहात सेल्टिक क्लबची स्थापना केली. शहराच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा करायचा, हा त्यांचा उद्देश होता. आपल्या शेजारच्या गोव्यातही फुटबॉल रुजवला तो धर्मगुरूंनी आणि त्यांच्या शाळांनीच.

पण मला जास्त शिकवलं ते दोन वेगळ्या गोष्टींनी, आणि त्या मी प्रत्येक तरुण पाळकाला सांगतो.

पहिली ब्युनोस आयर्सची. १९०८ साली तिथल्या अल्माग्रो भागात पोरं रस्त्यावर फुटबॉल खेळत होती आणि ट्रामखाली सापडायची भीती होती. फादर लोरेन्झो मास्सा यांनी त्यांना चर्चमागचं अंगण खेळायला दिलं. पोरांनी आपल्या संघाला सान लोरेन्झो नाव दिलं. पोप फ्रान्सिस लहानपणापासून याच संघाचे चाहते होते. फादरांनी अंगण देताना अट घातली होती की रविवारी मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, यायचं. त्या वस्तीतली बहुतेक घरं कॅथलिक होती, म्हणून ती अट तिथे शोभली. माझ्याकडे खेळायला येणाऱ्या पोरांत ख्रिस्ती घरातली थोडी, बाकीची मराठा, मुस्लिम, बौद्ध, मातंग, लिंगायत अशा सगळ्या घरांतली. त्यांना मी ती अट घालत नाही, आणि तुम्हीही घालू नका. फादरांकडून अंगण देण्याचं मोठं मन घ्यायचं, अट तिथेच ठेवायची.

दुसरी इंग्लंडमधल्या बोल्टनची. १८७४ मध्ये ख्राइस्ट चर्चच्या संडे स्कूलच्या मुलांचा संघ निघाला. चर्चची जागा कशी वापरायची आणि संघावर ताबा कुणाचा, यावरून तिथल्या व्हिकरशी, म्हणजे पाळकाशी, बिनसलं, आणि १८७७ मध्ये संघ चर्चपासून वेगळा झाला. आजचा बोल्टन वाँडरर्स तो हाच. म्हणून संघ सुरू करताना पाळकानं पहिल्या दिवशीच स्वतःचे अधिकार लिहून मर्यादित करावेत. संघ निवडणं प्रशिक्षकाकडे, पैसा खजिनदाराकडे, आणि पाळकाकडे तक्रार ऐकणं, मुलांची घरं धरून ठेवणं, बाकावर बसणं. सगळीच सूत्रं पाळकानं हातात ठेवली, की त्याची बदली झाल्यावर संघही संपतो.

कोल्हापुरात असाल तर आधी तालमीत जा

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संयुक्त जुना बुधवार ही नावं इथल्या पोराला पाढ्यांआधी पाठ होतात. शाहू महाराजांच्या काळात ज्या तालमींत लाल मातीत पैलवान घडले, त्याच तालमींनी पुढे फुटबॉलचे संघ उभे केले. थंडी पडली की शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू होतो आणि उन्हाळा संपेपर्यंत चालतो. वर्ल्डकप आला की गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या रंगात रंगतात. २०१७ ला आपल्या देशात सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि त्या दिवसांत प्रत्येक पोराला आपणही तिथे पोचू असं वाटत होतं.

ख्रिस्ती समाजही या शहरात आजचा नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथे आले, शाळा काढल्या, त्यांच्या नावाचं चर्च आजही उभं आहे. पण आमची पोरंसुद्धा आधी पेठेची असतात. चर्च कंपाऊंडमध्ये राहणारं पोरगं नाताळात तारा लावतं आणि त्याच आठवड्यात तालमीच्या सामन्याला ढोल घेऊन जातं. त्याला "मंडळी की तालीम?" असं कधीही विचारू नका. त्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही आणि असायची गरजही नाही.

म्हणून मंडळीचा संघ चौदा वर्षांखालच्या मुलांचा ठेवा. मोठ्या गटात उतरू नका. सुरू करण्याआधी जवळच्या तालमीच्या जुन्या खेळाडूंना भेटा, चहा घ्या, आणि स्पष्ट सांगा: "आम्ही लहान पोरं तयार करतो, मोठी झाली की तुमच्याकडेच येतील." हे ऐकल्यावर मैदानाची वेळ, जुनी जाळी, एखादा निवृत्त गोलरक्षक शिकवायला, असं बरंच काही न मागता मिळतं. हे न करता थेट मैदानात उतरलात, तर पहिल्याच शनिवारी जागेवरून वाद होतो.

रविवारचं काय

हा सर्वांत अवघड भाग आहे आणि यावर मी सावकाश बोलणार आहे.

लहान मुलांचे सामने रविवारी सकाळीच लागतात. शाळा नसते, मैदान मिळतं, ऊन चढायच्या आत उरकतं. आणि आपली भक्तीही त्याच वेळी. वडीलमंडळींपैकी कुणीतरी एरिक लिडेल या धावपटूचं नाव काढणारच. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून तो धावला नाही, आणि मग चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. ही गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे, ती मुलांना जरूर सांगा. पण तिथेच थांबू नका. लिडेल पुढे मिशनरी म्हणून चीनमध्ये गेला. महायुद्धात जपान्यांनी त्याला वेइश्येनच्या छावणीत बंदी केलं. तिथे तो मुलांचे खेळ घ्यायचा, पण रविवारी नाही. एका रविवारी मुलं त्याच्याशिवायच खेळली आणि भांडणं झाली. त्यानंतर तो रविवारीही रेफ्री म्हणून उभा राहिला. १९४५ च्या फेब्रुवारीत त्याच छावणीत तो वारला. स्वतःसाठी पाळलेला नियम त्यानं सुवर्णपदकासाठी मोडला नाही, मुलांसाठी मोडला. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, मनुष्यासाठी झाला असं प्रभूनं म्हटलं, त्याचा अर्थ मला या माणसाच्या दोन्ही निर्णयांत दिसतो.

व्यवहारात आम्ही असं करतो. सराव शनिवारी संध्याकाळी आणि बुधवारी. रविवारी सराव ठेवायचाच नाही, कारण वेळ आपल्या हातात असताना भक्तीवर वेळ चढवायची गरज नाही. सामन्याची वेळ मात्र आयोजकांच्या हातात असते. वेळापत्रक निघायच्या आधी आयोजकांना भेटून "आमचा सामना दुपारी लावता येईल का?" असं विनंतीनं विचारा. पुष्कळदा ते ऐकतात. नाही जमलं, तर ज्या घरांना मुलाला पाठवायचं नाही त्यांनी पाठवू नये, आणि त्या मुलाची संघातली जागा जाणार नाही हे आधीच जाहीर करावं. ज्यांना पाठवायचं आहे त्या मुलांसोबत मंडळीच्या युवक गटातले दोघं जातात. पाळक जात नाही, पाळक वेदीपाशी असतो. भक्तीतल्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत मैदानावरच्या मुलांसाठी प्रार्थना होते आणि संध्याकाळी ती मुलं आल्यावर त्यांच्यासोबत तोच शास्त्रभाग वाचला जातो. "काल सामन्याला गेला होतास ना" असं टोमण्यानं कुणी म्हणू नये, हे मी उपदेशपीठावरून सांगतो. टोमणा खाल्लेलं मूल सामनाही सोडतं आणि मंडळीही.

हंगाम आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ एकत्रच येतात हेही ध्यानात ठेवा. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) सराव नाही, सामना आला तरी संघ उतरत नाही. बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची भक्ती असते. पुनरुत्थानाच्या पहाटे मुलं भक्तीला येतात, मग कंपाऊंडमध्येच अनवाणी खेळतात आणि त्या दिवशी आईबापही खेळतात. रमजानही बऱ्याच वर्षी याच काळात येतो. रोजा ठेवणाऱ्या पोराला पाणी पी म्हणून आग्रह करू नका आणि त्याला दमवूही नका. त्याच्या घरी जाऊन आईवडिलांना विचारा. त्या महिन्यात तो येऊन नुसता पासिंगला उभा राहिला तरी हजेरी लागते.

साहित्य

इथे फार पैसा लागत नाही. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा चेंडू घ्या, त्याखालच्यांना तीन नंबरचा, बारा वर्षांनंतर पाच नंबरचा. लहान पायाला मोठा चेंडू दिला तर मूल लाथ मारायला शिकतं, चेंडू खेळवायला शिकत नाही. हवा किती भरायची ते चेंडूवर छापलेलं असतं. दगडासारखा टणक करू नका. बिब (संघ ओळखायला वरून घालायची रंगीत बंडी), कोन (मैदानात मांडायचे शंकू), पंप, शिनगार्ड (नडगीचं संरक्षण) एवढं पुरे.

बुटांबद्दल मात्र एक नियम कडक पाळा. बूट मुलांचे नसतात, पेटीचे असतात. पाळकखोलीत एक पत्र्याची ट्रंक ठेवा. ज्यांची मुलं मोठी झाली त्या घरांतून आणि तालमींतून जुने बूट मागून आणा, मापाप्रमाणे लावा. ज्यानं नवे बूट विकत घेतलेत त्यानंही सामन्याच्या दिवशी पेटीतलेच घालायचे, असं काही मी म्हणत नाही. पण सरावाला एक जरी मूल अनवाणी असेल तर सगळेच अनवाणी खेळतात. मैदान आधी फिरून काचा आणि खिळे वेचायचे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा देऊन गरिबाला खाली बसवू नका असं जे लिहिलंय, ते बुटांनाही लागू आहे असं मी मुलांना सांगतो आणि त्यांना ते लगेच कळतं.

एक तासाचा सराव

रांगेत उभं करून एकेकाला शॉट मारायला लावू नका. वीस मुलांच्या रांगेत प्रत्येकाला चार वेळाच चेंडू मिळतो, बाकी वेळ ढकलाढकली. पहिली दहा मिनिटं प्रत्येकाकडे चेंडू असेल तर उत्तम, नसेल तर दोघांत एक. नुसतं पळत पळत चेंडू जवळ ठेवायचा. मग वर्तुळ करून मध्ये एक जण, बाकीच्यांनी एका टचमध्ये पास द्यायचा. मग छोट्या मैदानावर चार-चार जणांचे सामने, गोलरक्षक नाही, कोनाचे छोटे गोल. चार जणांत लपायला जागा नसते, भित्र्या पोरालाही चेंडू खेळावाच लागतो. शेवटची दहा मिनिटं त्यांना हवं तसं खेळू द्या आणि तुम्ही तोंड बंद ठेवा.

लहान मुलांना हेडिंग, म्हणजे डोक्यानं चेंडू मारणं, शिकवू नका. अमेरिकेत दहा वर्षांच्या आणि त्याखालच्या मुलांना हेडिंगची बंदी आहे, इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या वयात सरावातून ते काढून टाकलंय. डोक्याला मार लागला आणि मूल गोंधळलेलं दिसलं, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते त्या दिवशी परत मैदानात उतरत नाही आणि डॉक्टरकडे जातं. सामना कितीही महत्त्वाचा असो. मार्च-एप्रिलच्या उन्हात एक लिटर पाण्यात चहाच्या छोट्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असं पाणी करून ठेवा. महिला मंडळाला सांगितलं की हे काम त्या आनंदानं घेतात, आणि त्या निमित्तानं मैदानाशी त्यांचं नातं जुळतं.

बाकावरचा मुलगा

या सगळ्यात मला खरं जे सांगायचंय ते इथे आहे. मंडळीचा संघ तालमीच्या संघापेक्षा वेगळा असायचा असेल, तर तो बाकावर वेगळा दिसला पाहिजे.

आमचा नियम असा: सामन्याला आलेलं प्रत्येक मूल निदान एक हाफ पूर्ण खेळतं. शेवटची दोन मिनिटं उतरवणं म्हणजे खेळवणं नव्हे. मुलाला ते दान दिल्यासारखं वाटतं. कोण कुठला हाफ खेळणार हे आदल्या रात्री कागदावर लिहायचं. आणि तो कागद प्रशिक्षकाकडे ठेवायचा नाही. १-१ अशी बरोबरी असताना चांगला स्ट्रायकर बाहेर काढायला कुठल्याही प्रशिक्षकाचा हात धजत नाही. आमच्याकडे तो कागद महिला मंडळातल्या एका मावशींकडे असतो. हाफटाइम झाला की त्या नावं वाचतात, आणि त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही. हे करण्याआधी स्पर्धेच्या नियमांत किती खेळाडू बदलता येतात ते बघून घ्या. लहान मुलांच्या स्पर्धांत आयोजकांशी बोलून जास्त बदलांची सवलत मिळू शकते. मुलं जास्तच झाली तर दोन संघ उतरवा. जोरदार आणि कच्चा अशी वाटणी करू नका, दोन्हींत मिसळा.

याला विरोध होतो आणि तो बाकावरच्या मुलांच्या घरूनच आधी होतो, हे मला पहिल्यांदा समजायला वेळ लागला. एका आईनं मला बाजूला घेऊन म्हटलं, "पाळकसाहेब, माझ्या पोराला नका घालू आज. त्येच्यामुळं हरलो म्हणतील सगळी." मी म्हटलं, "ताई, त्याचं नाव कालच लिहून झालंय, आणि कागद माझ्याकडं न्हाई." तो खेळला. सामना आम्ही हरलो. सोमवारी तो मुलगा शाळेत जाताना मला रस्त्यात भेटला आणि त्यानं मला सामन्यातला त्याचा एक पास पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला: कुणाकडून आला, त्यानं कुठं बघितलं, कुठं दिला. एवढ्यासाठी मी संघ चालवतो.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आपण दरवर्षी वाचतो. दिवसभर राबलेल्यालाही एक दीनार आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही एक दीनार. भक्तीत ऐकताना सगळे मान डोलावतात. मैदानावर तोच दाखला पाळायला लागलं की आपल्याला तो किती जड जातो ते कळतं. चांगल्या खेळाडूचे वडील रागावतात, आणि त्यांचं म्हणणं चुकीचंही नसतं. त्यांच्या मुलाकडे खरंच देणगी आहे. त्यांना सांगा की याच्या देणगीला हवा तेवढा वाव तालमीत मिळेल, त्यासाठी मी स्वतः त्याला घेऊन जाईन. इथे मात्र तो चेंडू दुसऱ्याला द्यायला शिकेल.

प्रार्थना कशी करावी

सामन्याआधीची प्रार्थना छोटी असावी आणि विजयासाठी नसावी. समोरच्या संघातही कुणाची तरी आई घरी देवापुढे हात जोडून बसलेली असते. मी साधारण एवढंच म्हणतो: "प्रभू, दोन्ही संघांतल्या मुलांना जप. रेफ्रीला शांत मन दे. आम्हाला खरं खेळू दे. आमेन." ज्याला यायचं तो येतो, ज्याला बुटाच्या नाड्या बांधायच्या तो बांधतो. कुणी मैदानाला हात लावून कपाळाला लावतो, कुणी ओठातल्या ओठात दुआ म्हणतो. कुणाकडेही बघायचं नाही.

दुसऱ्या धर्मातल्या मुलांच्या घरी संघात घेण्याआधी जा. स्वतः जा, मुलाच्या हातून कागद पाठवू नका. सांगा की आम्ही चर्चचे लोक आहोत, सामन्याआधी प्रार्थना करतो, तुमच्या मुलानं त्यात यायलाच हवं असं नाही, आणि आम्ही त्याच्या हातात धर्माचं काही वाचायला देणार नाही. मग लेखी संमती घ्या आणि दिलेला शब्द पाळा. माझी श्रद्धा मी लपवत नाही, कुणी विचारलं तर मनापासून सांगतो. पण मुलाच्या खेळण्याच्या ओढीचा गळ करून त्याला ओढणं हे मला प्रभूच्या वागण्यात कुठेच दिसत नाही. त्यानं पाच हजारांना भाकरी दिली तेव्हा आधी कुणाची नावं लिहून घेतली नव्हती.

मुलांची सुरक्षा

इथे काही तडजोड नाही. एका मुलासोबत एकटा मोठा माणूस कधीही राहणार नाही; नेहमी दोघं, आणि शक्यतो त्यांत एक बाई. गाडीवरून एकट्या मुलाला सोडायला जायचं नाही, पाळकानंही नाही. कपडे बदलण्याच्या जागी मोठ्यांनी जायचं नाही. निरोप मुलांच्या फोनवर नाही, पालकांच्या गटावर. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२ चा पॉक्सो कायदा प्रत्येक मदतनिसाला समजावून सांगा, आणि काही कानावर आलं तर ते मंडळीत मिटवायचं नसतं, पोलिसांकडे कळवायचं असतं. मंडळीचं नाव वाचवणं हा मुलाला गप्प बसवण्याचा बहाणा होता कामा नये.

मुली

जखऱ्यानं मुलामुली असं म्हटलंय. पहिल्या दिवसापासून दोघांना घ्या. बारा वर्षांपर्यंत एकत्र खेळवा. नंतर मुलींचा वेगळा सराव लागला तर चांगली वेळ त्यांना द्या, उरलेली नव्हे. शिकवायला एक बाई शोधा. आमच्या भागात शाळेत खेळलेल्या आणि लग्नानंतर खेळ सुटलेल्या कितीतरी जणी आहेत, विचारलं की येतात.

मैदानाकडेला उभे राहणारे

कोल्हापूरचा प्रेक्षक जीव लावणारा आहे, आणि म्हणून तापतोही लवकर. मोठ्यांच्या सामन्यांत वादावादी आणि हुल्लडबाजी झाल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. लहान मुलांच्या सामन्यात आपल्याच मंडळीतला एखादा वडीलधारा रेफ्रीवर ओरडायला लागतो. त्याला सगळ्यांसमोर थांबवू नका. शांतपणे जवळ जा, "दादा, जरा पलीकडच्या गोलमागं पोरांना चेंडू आणून द्यायला माणूस पाहिजे" असं म्हणून काम द्या. हातात काम आलं की तोंड थांबतं. आपल्या मुलानं शिवी दिली तर प्रशिक्षक त्याला लगेच बाहेर घेतो, रेफ्रीनं कार्ड दाखवायची वाट बघत नाही, आणि सामना संपल्यावर तो मुलगा समोरच्याला जाऊन भेटतो. हे जिंकताना जास्त कडक पाळायचं.

उपदेशात फुटबॉल

जपून. पहिल्या बाकावरच्या आजीला ऑफसाइडशी काही देणंघेणं नाही, आणि सकाळी चारला उठून स्वयंपाक करून आलेल्या बाईला तिच्या दिवसाबद्दल ऐकायचंय. खेळाचा दाखला वर्षाकाठी एकदोनदा पुरे, आणि तो शास्त्रातूनच यावा. प्रेषित पौलानं करिंथकरांना धावण्याच्या शर्यतीबद्दल लिहिलं, कारण त्यांच्या शहराजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरायचे आणि विजेत्याला पाल्याचा मुकुट मिळायचा, जो काही दिवसांत सुकायचा. नाशवंत मुकुट म्हणजे काय हे करिंथच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तीमथ्याला त्यानं लिहिलं की नियमाप्रमाणे खेळल्याशिवाय मुकुट नाही. हे दोन उतारे घ्या. त्यापुढे मेस्सी-रोनाल्डो आणायची गरज पडत नाही.

उपदेशापेक्षा मंडळीच्या कामात संघाला जागा द्या. पिकाच्या हंगामाच्या सणाला भाज्यांची पोती उचलायला, नाताळच्या जेवणात वाढायला, अंत्यविधीच्या वेळी खुर्च्या मांडायला. ज्यांना यायचंय ती सगळी मुलं येतात, ख्रिस्ती नसलेलीही. वृद्ध सभासदांच्या घरी महिन्यातून एकदा दोघा-दोघांना पाठवा, आईवडिलांना सांगून. एका आजोबांना आमची मुलं सामन्याचा निकाल सांगायला जातात. ते तरुणपणी हाफबॅक म्हणून खेळायचे आणि निकाल ऐकून झाल्यावर चूक कुठे झाली ते समजावून सांगतात. त्यांच्या घरी पाळक पूर्वी जायचाच, आता त्यांना त्याच्यापेक्षा मुलांची वाट बघायला आवडतं, आणि मला त्याचा आनंद आहे.

मूल तालमीत जाताना

चौदा-पंधराव्या वर्षी चांगलं खेळणारं पोरगं तालमीकडे जाईल. त्याला अडवू नका, आणि कमिटीत "आपण तयार केला आणि नेला त्यांनी" असं कुणाला म्हणू देऊ नका. त्याच्यासोबत तालमीत जा, तिथल्या जुन्या खेळाडूंच्या हातात त्याला द्या, त्याच्या गुडघ्याची किंवा दम्याची काही तक्रार असेल तर ती सांगा. नोंदणीसाठी जन्मदाखला लागतो, तो बऱ्याच घरांत सापडत नाही. महापालिकेतून काढून द्यायला मदत करा. शाळेच्या परीक्षेची तारीख तालमीच्या प्रशिक्षकाला आधीच कळवा.

मग त्याचा पहिला सामना शाहू स्टेडियमवर लागला की संघातल्या लहान मुलांना घेऊन जा. पालकांची संमती घ्या, सोबत मोठी माणसं तीन-चार तरी ठेवा, गर्दीच्या मध्ये न बसता जिन्याजवळ बसा म्हणजे गडबड झाली तर मुलांना लगेच बाहेर काढता येईल. तो बहुतेक राखीवच असेल. मुलांना सांगा की तो वॉर्मअपला धावायला लागला की त्याचं नाव घेऊन ओरडायचं.